पाच पिल्ले, दोन डोस आणि पार्व्हो

गोव्यातल्या साखळी गावाजवळच्या एका वाडीतली ही गोष्ट. कुत्रीच्या एकाच वेताची पाच पिल्ले. सहाव्या आणि नवव्या आठवड्यात पाचांनाही एकाच दिवशी, एकाच बॅचच्या लशीचे दोन डोस टोचलेले. कार्डावर बाटल्यांचे स्टिकर, शिक्का, सही, सगळे जागच्या जागी. बारावा आठवडा संपताना घरात पार्व्हो, म्हणजे पिल्लांचे आतडे पोखरणारा विषाणू, शिरला. सगळ्यांत दांडगे पिल्लू दगावले. दुसरे मरणाच्या दारातून परत आले. तिसऱ्याने एक दिवस तोंड पाडले आणि दुसऱ्या दिवशी ताटलीवर तुटून पडले. चौथे, जे मरतुकडे म्हणून कोणी न्यायला तयार नव्हते, त्याला काहीच झाले नाही. पाचवे तोवर वाळपईला नातेवाइकांकडे गेले होते, तेही ठणठणीत.

"लस दिली होती ना, मग?" या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर असते: लस बोगस होती. कधी कधी ते खरेही असते. या घरात ते खरे नव्हते, आणि ते कसे कळले हा या प्रकरणाचा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटलेला भाग आहे. घरच्यांना विचारून, ओळख पटेल असा तपशील गाळून लिहितो आहे.

आई आणि वेत

आईचे नाव राणी. वय चार वर्षे, गावठी, पण कानांच्या ठेवणीत लॅब्रॅडॉरची कुठली तरी आजी डोकावते. घर निवृत्त प्राथमिक शिक्षकांचे. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही म्हणतो. राणी लहान असताना तिला रक्ताची हगवण लागली होती आणि सलाईनवर ती वाचली होती, हे गुरुजींनी मी विचारल्यावर सांगितले. त्या धसक्याने पुढे दर वर्षी तिची लस चुकली नाही. शेवटची लस तर ती माजावर येण्याच्या थोडी आधीच झाली होती. हे दोन तपशील लक्षात असू द्यावेत, सगळे प्रकरण त्यांच्यावर फिरते.

पिल्ले अनंत चतुर्दशीच्या रात्री झाली. घरात विसर्जनाची दमणूक, बाहेर पाऊस. पहिली चार धडधाकट निघाली आणि तासाभरात आचळांना लागली. पाचवे बऱ्याच वेळाने आले, मुठीत मावेल एवढे. भावंडे त्याला ढकलून द्यायची आणि त्याला आचळ धरून ठेवता येत नव्हते. सकाळी सूनबाईंनी, म्हणजे वहिनींनी, ड्रॉपरने गाईचे दूध पाजून त्याला जगवले. दुसऱ्या दिवसापासून ते आईला लुचू लागले. नाव पडले बारकी. बाकीचे शेरू, काळू, चिंगी आणि वाघ्या. वाघ्या अंगाने शेरूच्या खालोखाल, म्हणून वाळपईच्या पाहुण्यांनी त्यालाच उचलला. दुसरा डोस झाल्यावर दोन दिवसांनी तो गेला.

दोन्ही डोस ज्यांनी दिले त्यांनी कार्डावर पुढची तारीख एक वर्षानंतरची टाकली होती. गुरुजींनाही त्यात काही वावगे वाटले नाही. गोव्यात कुत्र्याची लस म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे रेबीजची मोहीम येते. २०१४ पासून मिशन रेबीज ही संस्था सरकारच्या साथीने गावोगाव कुत्री टोचत आली आणि २०२१ साली गोवा सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केले. काम मोठेच झाले. पण एकदा टोचले की वर्षाची निश्चिंती, हा हिशेब त्यामुळे डोक्यात पक्का बसला. रेबीजची लस मेलेल्या विषाणूची आणि पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर देण्याची. पार्व्होची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची, आणि तिला पिल्लाच्या शरीरात स्वतः वाढावे लागते. तिचे यशापयश ती टोचली त्या क्षणी पिल्लाच्या रक्तात काय आहे यावर ठरते.

दत्तजयंतीच्या आधीचा आठवडा

शेरूला माझ्या दवाखान्यात आणले तेव्हा त्याने आदल्या रात्रीपासून काही खाल्ले नव्हते. सकाळी पिवळा फेस ओकला होता. ताप १०४ फॅरेनहाइट. पोट दाबले की कण्हायचा. टेबलावरच त्याला शी झाली: पाण्यासारखी, विटकरी लाल, आणि एकदा नाकात बसला की विसरता न येणारा तो वास. गुरुजींनी घरी जायफळ उगाळून चाटवले होते आणि पेजेची निवळ पाजली होती, ती तशीच बाहेर पडली होती.

"डॉक्टर, कोणी तरी विष घातलंय," गुरुजी म्हणाले. "वाडीच्या टोकाला दोन पिल्लं मेली, तीपण अशीच रक्त हगून."

"कधी मेली ती?"

"झाले असतील आठ-दहा दिवस."

विष आठ-दहा दिवस थांबून दुसऱ्या घरात जात नाही. गुरुजींचा नातू त्या टोकाच्या घरी रोज खेळायला जायचा. त्याच्या निळ्या रबरी चपलेचा एक पट्टा शेरूने चावून चावून झिरमिळ्या केला होता, वहिनींनी ती चपल मला दाखवली. आजारी पिल्लाच्या एका ग्रॅम विष्ठेत अब्जावधी विषाणू असतात. चपलेच्या तळाला लागलेली मातीही पुरते.

शेरूच्या विष्ठेची पट्टी-चाचणी केली (विषाणू असला की पट्टीवर रेघ उमटते) तर रेघ इतकी फिकट की उजेडाकडे धरून पाहावी लागली. दुसऱ्या दिवशी काळू आला, त्याची रेघ ठसठशीत. शेरू जास्त आजारी आणि रेघ फिकट, हे विचित्र वाटेल. पातळ, रक्ताळ विष्ठेत नमुना विरळ होतो. शिवाय शरीरात प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला ओळखून चिकटणारी प्रथिने, तयार होऊ लागली की ती आतड्यातल्या विषाणूला लपेटतात आणि पट्टीला तो दिसेनासा होतो. म्हणून फिकट रेघेवरून आजार सौम्य असल्याचा अर्थ काढू नये. पांढऱ्या पेशींचा आकडा जास्त बोलका असतो. शेरूच्या रक्तात मायक्रोलिटरला ७०० पेशी होत्या, काळूच्या १,९००. निरोगी कुत्र्यात त्या सहा हजारांच्या वर असतात.

विषाणू नेमका कुठे घाव घालतो

पार्व्हो हा फार छोटा विषाणू. त्याचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम पाच हजार अक्षरांचा. स्वतःच्या डीएनएची नक्कल करण्याची यंत्रणा त्याच्याकडे नाही. ती तो पेशीकडून उसनी घेतो, आणि पेशी विभागण्याच्या तयारीत असेल तेव्हाच ती यंत्रणा चालू असते. म्हणून जिथे पेशी भराभर विभागतात तिथे तो जातो. वाढत्या पिल्लात अशा जागा तीन: लसिका ग्रंथी व थायमस (दोन्हींत रोगाशी लढणाऱ्या पेशी घडतात), हाडांतला मगज आणि आतड्याच्या अस्तराचा तळ.

तोंडावाटे शिरल्यावर तो आधी घशाच्या आणि आतड्यालगतच्या लसिका ग्रंथींत वाढतो, म्हणजे ज्यांनी त्याला अडवायचे त्या पहारेकऱ्यांच्या चौकीतच. दोन-तीन दिवसांत रक्तात उतरतो. चौथ्या-पाचव्या दिवशी विष्ठेतून बाहेर पडू लागतो, तेव्हा पिल्लू अजून उड्या मारत असते. लक्षणे त्यानंतर. आतड्याच्या आतल्या बाजूला केसांसारखे बारीक अंकुर असतात. त्यांच्या टोकाच्या पेशी रोज झडतात आणि तळातून नव्या वर सरकतात. तळच जळाला की झडणे चालू राहते, भरपाई थांबते. काही दिवसांत आतडे आतून सोलल्यासारखे होते. रक्त, पाणी, प्रथिने बाहेर पडतात आणि आतड्यातले जिवाणू रक्तात घुसतात. त्याच वेळी मगजातून नव्या पांढऱ्या पेशींचा पुरवठा तुटलेला असतो आणि असलेल्या आतड्यात खर्ची पडतात. शेरूचा तो ७०० चा आकडा म्हणजे हे दोन्ही एकदम. असे पिल्लू बहुतेक वेळा आतड्यातून आलेल्या जिवाणूंनी आणि पाणी सुटल्याने मरते. विषाणू त्यांना वाट करून देतो.

शेरू दोन रात्री लढला. शिरेतून रिंगर लॅक्टेट, त्यात पोटॅशियम आणि डेक्स्ट्रोज, उलटीचे औषध, अँटिबायोटिक, अंगाखाली गरम पाण्याच्या बाटल्या. दुसऱ्या संध्याकाळी ताप उतरला आणि घरच्यांना हायसे वाटले. मला वाटले नाही; थर्मामीटर ९९ च्या खाली गेला होता आणि हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या. पहाटे तो गेला.

काळूवर नेमके तेच उपचार झाले. फरक एवढाच की तो पहिल्या लक्षणानंतर काही तासांत आला. उलट्या आटोक्यात येताच नाकातून बारीक नळी घालून थोडे थोडे पातळ अन्न सुरू केले. पूर्वी अशा पिल्लाचे पोट दोन-तीन दिवस रिकामे ठेवायची पद्धत होती आणि अजूनही पुष्कळ घरांत तोच सल्ला चालतो. तो सोडून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आतड्याच्या पेशी आपले अन्न बऱ्याच अंशी आतड्यातूनच घेतात आणि लवकर खाऊ घातलेली पिल्ले लवकर सावरतात. चौथ्या दिवशी काळूच्या पांढऱ्या पेशी ५,२०० वर आल्या. त्या दिवशी त्याने माझ्या मदतनिसाच्या डब्यातल्या पोळीकडे पाहून शेपटी हलवली, आणि आम्ही त्याला आकड्यापेक्षा जास्त किंमत दिली.

उपचार चालू असताना वहिनींनी एक प्रश्न विचारला. "राणी त्याच अंगणात आहे, तिला काहीच नाही. मग तिचं रक्त काढून याला चढवलं तर?" कल्पना अजिबात खुळी नाही. आजारातून उठलेल्या कुत्र्याचा रक्तरस देण्याचा प्रयोग पशुवैद्यकात बरीच वर्षे होत आला आहे. पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत एका लहान डोसाचा फायदा दिसला नाही. लक्षणे दिसतात तोवर विषाणू आतड्याच्या पेशींत शिरून काम उरकत आलेला असतो, तेव्हा बाहेरून दिलेल्या प्रतिपिंडांना उशीर झालेला असतो. खास पार्व्होविरुद्ध बनवलेल्या एकाच साच्याच्या (मोनोक्लोनल) प्रतिपिंडांच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०२३ साली सशर्त मान्यता मिळाली. ते आमच्या हाताशी नव्हते. राणीने आपली प्रतिपिंडे पिल्लांना एकदा देऊन झाली होती, हे मात्र मी वहिनींना तेव्हा सांगितले नाही. ती गोष्ट शांतपणे बसून सांगण्याची होती.

लस का लागली नाही

पर्याय चार. पहिला, थंड ठेवायची लस गरम होऊन निकामी झाली. दुसरा, लशीतला विषाणू जुना आणि आलेला विषाणू नवा. तिसरा, पिल्ले लस देतानाच आजारी होती. चौथा, आईची प्रतिपिंडे.

तिसरा लगेच बाद झाला. दुसऱ्या डोसानंतर दोन आठवडे पिल्ले अंगणभर धुमाकूळ घालत होती. दुसराही फार टिकत नाही. कुत्र्यांचा पार्व्हो १९७८ च्या सुमारास एकाएकी जगभर पसरला. मांजरांना होणाऱ्या पार्व्होचा तो सख्खा नातेवाईक. काही मोजक्या बदलांनी त्याला कुत्र्याच्या पेशीवरचे ट्रान्सफेरिन घेणारे दार उघडता आले. मूळ प्रकार दोन-तीन वर्षांतच मागे पडला आणि टू-ए, टू-बी हे नवे प्रकार आले. टू-सी २००० साली इटलीत सापडला, तो आता भारतातही आहे. पण प्रकार बदलले तरी लशीने उठवलेली प्रतिपिंडे त्यांना ओळखतात. लस लागली असेल तर ती या प्रकारांपासूनही वाचवते. आमचा प्रश्न ती लागली का हा होता.

उरले दोन: गरम झालेली लस आणि आईची प्रतिपिंडे.

कुत्रीच्या वारेतून पोटातल्या पिल्लांना फार थोडी प्रतिपिंडे जातात, दहा टक्क्यांच्या आतच. बाकी सगळी पहिल्या चिकातून, आणि तीही पहिल्या दिवसातच. चोवीस तासांत पिल्लाच्या आतड्याचे दार बंद होते. नंतर प्यालेल्या दुधाने पोट भरते, पण त्यातली प्रतिपिंडे रक्तात उतरत नाहीत. मिळालेला साठा पुढे दर दहा दिवसांनी साधारण निम्मा होतो.

आता शेरूचा हिशेब मांडू. राणी स्वतः आजारातून उठलेली, वर दर वर्षी लस, म्हणजे तिच्या चिकात पार्व्होची प्रतिपिंडे भरपूर. समजा शेरूच्या रक्तात जन्मानंतर त्यांची पातळी ५,१२० होती, म्हणजे रक्तरस इतके पट पातळ केला तरी त्या प्रतिपिंडांचा परिणाम दिसतो. (मोजलेली नाही, पण अशा आईच्या पिल्लाला शोभेल अशी.) तीस दिवसांनी ६४०. पहिला डोस बेचाळिसाव्या दिवशी, तेव्हा तीनशेच्या आत-बाहेर. दुसरा डोस त्रेसष्टाव्या दिवशी, तेव्हा साठ-पासष्ट. लशीतला दुबळा विषाणू वीसच्या वरची पातळीही सहसा सहन करत नाही. दोन्ही डोस आईच्याच प्रतिपिंडांनी वाढण्याआधी गिळून टाकले. पण बाहेरचा खरा विषाणू अडवायला पातळी ८० च्या आसपास किंवा वर लागते. शेरू साठाव्या दिवसाच्या सुमारास त्या रेषेखाली उतरला. तेव्हापासून ऐंशीव्या दिवसापर्यंत त्याच्या रक्तातली प्रतिपिंडे लशीला मारण्याइतकी होती आणि रोगाला अडवण्याइतकी नव्हती. नातवाची चपल घरात आली ती याच दिवसांत.

हीच दरी. पार्व्होच्या लसीकरणातला सगळा त्रास या दोन-तीन आठवड्यांचा आहे. जास्त ताकदीच्या लशी ती अरुंद करतात, पण पुरती बुजवत नाहीत, आणि प्रत्येक पिल्लात ती वेगळ्या दिवशी येते.

आता बारकी. पहिल्या दिवशी तिच्या वाट्याला चीक आलाच नाही म्हटले तरी चालेल. समजा तिची सुरुवात ६४० ने झाली. तीस दिवसांनी ८०, पन्नास दिवसांनी २०. त्रेसष्टाव्या दिवशी दुसरा डोस टोचला तेव्हा रक्तात आठ-दहाच्या वर काही नव्हते. लशीला मैदान मोकळे मिळाले. अशा पिल्लात तीन-पाच दिवसांतच संरक्षण तयार व्हायला लागते. दोन आठवड्यांनी चपल आली तेव्हा मरतुकडी बारकी त्या घरातले सगळ्यांत सुरक्षित पिल्लू होती.

हे ऐकून गुरुजी गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे आईचं दूध प्यालं ते पोर गेलं?" असे म्हणणे बरोबर नाही, आणि हे मी इथेही ठासून लिहितो, कारण असली गोष्ट अर्धवट ऐकली की कोणी तरी पिल्लाला चिकापासून दूर ठेवायचा. बारकी तिसाव्या दिवसापासून दुसऱ्या डोसापर्यंत संरक्षणाविना होती. चपल महिनाभर आधी आली असती तर सगळ्यांत आधी तीच गेली असती आणि शेरूला काही झाले नसते. शिवाय चिकातून फक्त पार्व्होची प्रतिपिंडे येत नाहीत. हा रोग पहिल्यांदा आला तेव्हा कुठल्याच आईकडे त्याची प्रतिपिंडे नव्हती. त्या काळात अगदी तान्ह्या पिल्लांच्या हृदयाच्या स्नायूत विषाणू शिरायचा, कारण त्या वयात ते स्नायूही विभागत असतात, आणि वरून निरोगी दिसणारी पिल्ले पटकन मरायची. आज तो प्रकार क्वचित दिसतो तो आयांच्या चिकामुळे. आईने दिलेल्यात खोट नव्हती. कार्डावरच्या तारखेत होती.

चिंगीचे काय? ती शेरूसारखीच भरपूर प्यालेली, पण अंगाने हलकी. तिला विषाणू कमी प्रमाणात मिळाला असेल, किंवा आईची प्रतिपिंडे तिच्यात थोडी जास्त उरली असतील. त्यांनी विषाणूला रोखले नाही पण खोळंबवले, आणि तेवढ्या उसंतीत तिच्या शरीराने स्वतःची फौज उभी केली. लागण झाल्यापासून पाचव्या-सातव्या दिवसाच्या आसपास स्वतःची प्रतिपिंडे रक्तात दिसू लागतात आणि विषाणू रक्तातून हटू लागतो. शर्यत तिथेच लागते: आतडे आधी सोलले जाते की प्रतिपिंडे आधी येतात. चिंगी ती सहज जिंकली, काळू थोडक्यात, शेरू हरला.

अंगण

राहिले घर धुणे. फिनेलचा उपयोग नाही. पार्व्होला चरबीचे वेष्टण नसते, म्हणून साबण आणि सुगंधी जंतुनाशके त्याचे काही करू शकत नाहीत. ब्लीच चालते: आधी घाण पूर्ण काढायची, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटे ओले ठेवायचे. ओटी, टाइल्स, ताटल्या, शेरूची साखळी असे धुतले. नातवाची चपल टाकून दिली. पण गुरुजींचे अंगण शेणाने सारवलेले आणि कुंपण चिऱ्याचे. सच्छिद्र चिऱ्यावर आणि मातीवर ब्लीच ओतून काही साधत नाही. सेंद्रिय पदार्थ ते लगेच निष्प्रभ करतो. तिथे ऊन आणि काळ हेच औषध, आणि सावलीच्या मातीत हा विषाणू महिनोन् महिने टिकतो. वर्षभर या घरात लस पूर्ण न झालेले पिल्लू आणायचे नाही, एवढे ठरले. काळू, चिंगी बरी झाल्यावरही काही आठवडे विष्ठेतून विषाणू सोडू शकतात, म्हणून त्यांना वाडीत मोकळे सोडले नाही. पार्व्होपुरती ती आता पक्की होती, पण कार्डावरचे बाकीचे रोग राहिले होते, तेव्हा त्यांचे पुढचे डोस चुकवले नाहीत.

वाळपईचे पिल्लू

प्रतिपिंडांचा हिशेब कागदावर छान जुळतो, पण गरम झालेल्या लशीनेही हेच घडले असते. घरातल्या तिघांचे रक्त तपासून उपयोग नव्हता. त्यांच्यात आता प्रतिपिंडे सापडली असती ती लशीची की रोगाची, हे सांगता येत नाही. बारकीचेही तेच, तीही त्याच अंगणात होती.

म्हणून वाघ्या. तीच आई, तसाच पोटभर चीक, त्याच बॅचचे तेच दोन डोस, आणि विषाणूशी गाठ नाही. त्याला मागवून घेतले तेव्हा तो चौदा आठवड्यांचा होता. रक्ताचा एक थेंब घेऊन प्रतिपिंडांची ठिपका-चाचणी लावली. तिच्यात पार्व्हो आणि कुत्र्यांचे आणखी दोन विषाणू, डिस्टेंपर आणि अडिनोव्हायरस, यांचे वेगवेगळे ठिपके येतात; ठिपका जितका गडद तितकी प्रतिपिंडे जास्त. पार्व्होचा ठिपका जवळजवळ कोरा आला. डिस्टेंपरचा गडद.

एकाच बाटलीतल्या लशीचे हे दोन भाग. डिस्टेंपरचा विषाणू नाजूक, चरबीचे वेष्टण असलेला. बाटली गरम झाली तर आधी तो मरतो. पार्व्हो चिवट, उन्हातही बराच तग धरणारा. लस खराब झाली असती तर चित्र उलटे दिसायला हवे होते. डिस्टेंपर लागला म्हणजे बाटली जिवंत होती. पार्व्हो लागला नाही, कारण राणीला पार्व्हो होऊन गेला होता, डिस्टेंपर नाही. चिकातून पार्व्होचीच प्रतिपिंडे मणभर आली होती.

जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेची शिफारस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यावा आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांचे वय पूर्ण झाल्यावरच पडावा, अशी आहे. पुढचा डोस वर्षभर न थांबता साधारण सहा महिन्यांच्या वयाला द्यावा, असेही ती सांगते. त्यामुळे आधीचे डोस हुकले असतील तर पिल्लू आणखी सहा महिने उघडे राहत नाही. वाघ्याला आम्ही त्याच दिवशी एक आणि सोळा आठवडे उलटल्यावर आणखी एक डोस दिला. त्यानंतर चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी लावली. तिन्ही ठिपके सारखेच गडद आले.